लोहकणांची ऊब आणि कर्करोगाची गाठ

कर्करोगाच्या गाठीवर उष्णतेचा प्रयोग करावा, ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत अग्निकर्म ज्या विकारांसाठी सांगितले आहे, त्यांत ग्रंथी व अर्बुद यांचाही उल्लेख आहे. परंतु डागणीची आग गाठ आणि निरोगी मांस असा भेद करीत नाही. शिवाय गाठ यकृतात किंवा मेंदूत असेल, तर तेथवर सळई न्यायची कशी? उष्णता नेमकी गाठीतच निर्माण व्हावी व भोवतालचे शरीर सुरक्षित राहावे, हाच या उपचारातील खरा प्रश्न होय.

त्यासाठी फार मोठ्या उष्णतेची गरज नसते. शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. गाठीतील पेशी काही काळ ४२ ते ४५ अंशांवर ठेवल्यास त्या दुर्बल होतात व त्यांतील अनेक मरतात. निरोगी भाग तापला की तेथील रक्तप्रवाह वाढून उष्णता वाहून नेतो. गाठीतील रक्तवाहिन्या मात्र अव्यवस्थित असतात. तेथे प्राणवायूही कमी पोहोचतो. अशा पेशींवर किरणोपचाराचा परिणाम कमी होतो, पण उष्णतेपुढे त्याच अधिक हतबल ठरतात. म्हणूनच या दोन उपचारांची जोड उपयुक्त मानली जाते.

शिकागो येथील शल्यचिकित्सक गिलख्रिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली एक मार्ग सुचविला. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण गाठीत पोहोचवावेत आणि बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावावे, असा तो मार्ग होता. हे क्षेत्र शरीरातून सहज आरपार जाते. तापतात ते प्रामुख्याने कण.

हे कण नॅनोमीटरमध्ये मोजले जातात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. शाळेत चुंबकाभोवती लोहकीस शिंपडून दाखविला जातो. त्या किसातील एका कणाच्या मानाने हे कण हजारो पटींनी लहान असतात. क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखभर वेळा बदलते. कणाचे चुंबकत्वही तिच्यामागे वळू पाहते, पण किंचित मागे पडते. या ओढाताणीत खर्च होणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. क्षेत्र बंद केले की योग्य आकाराच्या कणांत चुंबकत्व उरत नाही, म्हणून ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत.

या कणांचे शास्त्र मराठवाड्याला अपरिचित नाही. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात फेराइट या चुंबकीय पदार्थांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. फेराइट हे नाव परके वाटले, तरी ट्रान्झिस्टर रेडिओच्या आतील काळी कांडी याच पदार्थाची असते. धातूंचे नायट्रेट क्षार व सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून ते द्रावण पाकासारखे घट्ट होईपर्यंत तापवावयाचे, मग ते आपोआप पेट घेऊन त्याची भुकटी होते, अशी या कामात रूढ असलेली एक पद्धत आहे. महागड्या यंत्रसामग्रीवाचून तिने कण तयार करता येतात. यंत्रे लागतात ती पुढील परीक्षणासाठी.

प्रा. के. एम. जाधव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली जस्त फेराइटच्या कणांचा उष्णता-उपचाराच्या दृष्टीने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ओलेइक आम्लाचा लेप दिलेले कण तेलात मिसळतात, पाण्यात नाहीत. रक्त तर बहुतांशी पाणीच. म्हणून लेपाचा पृष्ठभाग बदलून ते पाण्यात मिसळतील असे करण्यात आले. गोष्ट लहान वाटते, पण कण द्रवात नीट पसरले नाहीत तर उष्णताही सारखी पसरत नाही.

कण प्रमाणाबाहेर तापले तर काय, ही शंका रास्त आहे. प्रत्येक चुंबकीय पदार्थ एका ठरावीक तापमानाला आपले चुंबकत्व गमावतो. नैसर्गिक लोहचुंबकाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ५८५ अंशांवर आहे. जस्तासारखे धातू योग्य प्रमाणात मिसळून ती पुष्कळ खाली आणता येते. मग इस्त्रीची कळ आपोआप बंद पडावी, तसे कणांचे तापणे स्वतःच थांबू शकते. फेराइटच्या मिश्रणांवर इतके परिश्रम घेतले जातात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रयोगशाळेतील कुपी आणि रुग्णाचे शरीर यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. बर्लिन येथे विकसित झालेल्या अशा उपचाराला २०१० साली युरोपात मेंदूतील गाठींसाठी मान्यता मिळाली. मेंदूचा घातक कर्करोग उलटलेल्या ५९ रुग्णांना किरणोपचारासह हा उपचार दिल्याचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग उलटल्यानंतर निम्मे रुग्ण १३.४ महिन्यांहून अधिक जगले. निष्कर्ष आशादायक होते, पण तुलनेसाठी हा उपचार न दिलेल्या रुग्णांचा गट त्या चाचणीत नव्हता. डोक्याजवळचे धातू, दातांतील भरणसुद्धा, आधी काढावे लागे. आणि कण तेथेच राहत असल्याने पुढे चुंबकीय तपासणीचे चित्र धूसर होई. उपचार बाजारात आणणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

भारतात हा उपचार अद्याप रुग्णालयांच्या नित्य व्यवहारात आलेला नाही. वृत्तपत्रातील एखादी वार्ता वाचून ‘चुंबकाचा इलाज’ येईपर्यंत थांबू, असे कोणी कुटुंब म्हणू लागले, तर ही वस्तुस्थिती त्याच्या कानावर घालणे गावातील शिक्षकाला व पंचायत सदस्याला सहज शक्य आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार या तिन्ही सोयी संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आहेत आणि थांबण्याच्या काळात गाठ मात्र वाढतच असते. तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तीस वर्षांवरील व्यक्तींची प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात समाविष्ट आहे. न भरणारा तोंडातील व्रण किंवा हाताला लागणारी गाठ घेऊन प्रथम तेथेच जावयाचे असते.