करवंटीतली टकळी

फार बोलणाऱ्या माणसाची ‘टकळी चालू आहे’ असे आपण म्हणतो. आमच्या बडोद्याच्या घरी खरीखुरी टकळी होती, पितळेची. ती बंद पाडण्याचे पाप मात्र माझ्या हातून घडले. दिवाळीच्या साफसफाईत मी ती मोडीत घातली आणि चैत्रात आत्याने ती मागितली. आत्या नव्वदीच्या घरातली, दृष्टी जवळजवळ गेलेली. लहानपणी वडिलांशेजारी बसून तिने सूत कातलेले. “हात रिकामे राहतात रे,” एवढेच म्हणाली. मी खरे ते सांगितले. ती रागावली नाही, गप्प बसली. तेच अधिक लागले.

तिची पहिली टकळी वडिलांनी कळकाची केली होती, असे तीच एकदा बोलली. म्हटले, करून पाहू.

कळकाची वीतभर कामटी चाकूने तासली, फुटक्या काचेने गुळगुळीत केली, वर सूत अडकायला खाच पाडली. इथवर सोपे. खरी परीक्षा चकतीची. कौलाचा तुकडा फरशीवर घासून रुपयाएवढा गोल करायचा आणि खिळ्याने मधोमध भोक पाडायचे. दोन तुकडे भोक पाडतानाच दुभंगले. तिसऱ्याचे भोक बाजरीच्या दाण्याएवढे बाजूला गेले, तेवढ्याने टकळी दारुड्यासारखी झुलू लागली. मोहेंजोदडोच्या उत्खननात भाजल्या मातीच्या अशा चकत्या मिळाल्या आहेत. भोक ओल्या मातीतच पाडावे आणि मग भाजावे, हे शहाणपण मला तीन कौले खर्ची पडल्यावर सुचले!

आत्याने चकतीच्या कडेवरून बोट फिरवले. “इथे जड आहे, घास.” मी घासली. झुलणे थांबले. पण टकळी हवेत सोडली की सूत तुटे. लोकरीचा तंतू लांब, तो भार सोसतो. कापसाचा जेमतेम इंचभर. पीळ भरण्याआधीच ओझे आले की सुटला. “करवंटी आण,” आत्या म्हणाली. टकळीचे टोक करवंटीत टेकले आणि भार सुतावरून उतरला. ढाक्याच्या मलमलीचे सूत कातणाऱ्या बायकाही चातीचे टोक शिंपल्यात टेकवीत, हे मी वाचले होते. वाचून हाताला काय कळणार?

‘हिंद स्वराज्य’ लिहिताना आपण चरखा पाहिलाही नव्हता, अशी कबुली गांधीजींनी आत्मकथेत दिली आहे. पुढे गंगाबेन मजमुदारांनी तो शोधून काढला, तोही आमच्याच बडोदे संस्थानातल्या विजापुरात, माळ्यावर टाकलेला. आमच्याकडे माळासुद्धा उरला नाही.

पेळू कुठून आणणार? देवाच्या वातींचा कापूस दिला. पहिल्या हातभर सुतात गाठीच गाठी. आत्याने ते चिमटीत धरून पाहिले, तोडले आणि पुन्हा सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत करवंटीची घरघर चालली होती. दुसऱ्या दिवशी दिवा लावायला गेलो, तर डब्यात वातीपुरताही कापूस नव्हता.