आजींचे पायमोजे आणि पीएच.डी.चा प्रश्न

गुडघेदुखीने बेजार झालेल्या सत्तरीतल्या एक आजी रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात बसल्या आहेत. समोरची तरुण फिजिओथेरपिस्ट हातातील प्रश्नावली वाचून एकेक प्रश्न विचारते. जिना उतरताना किती त्रास होतो? मोटारीत चढता-उतरताना? पायमोजे घालताना? स्नानाच्या टबात उतरताना? आजी गोंधळून सुनेकडे पाहतात. पायमोजे त्यांनी जन्मात घातलेले नाहीत. टब पाहिला असलाच तर दूरदर्शनच्या पडद्यावर. त्यांचे दुःख निराळेच आहे. देवापुढे मांडी घालून बसता येत नाही. नातवाच्या बारशाला सगळ्या जणी सतरंजीवर बसल्या असताना त्यांच्यासाठी खुर्ची मागवावी लागते. गावच्या घरी शौचास उकिडवे बसावे लागते, म्हणून दोन वर्षे त्या गावी गेलेल्या नाहीत. यांपैकी एकही गोष्ट त्यांना कोणी विचारत नाही. तरीही कागदावर गुणांची बेरीज होते, तीन महिन्यांनी ती पुन्हा होईल आणि ‘सुधारणा समाधानकारक’ असा शेराही कदाचित पडेल.

प्रसंग कल्पिलेला आहे. प्रश्नावली मात्र खरी आहे. ‘वोमॅक’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. कॅनडातील संशोधकांनी १९८० च्या दशकात ती तयार केली. तिच्या २४ प्रश्नांपैकी १७ प्रश्न दैनंदिन हालचालींविषयी आहेत. मूळ प्रश्नावलीत पायमोजे आहेत, टब आहे, मोटार आहे. मांडी नाही आणि उकिडवे बसणेही नाही. यात कर्त्यांचा दोष नाही. त्यांनी आपल्या रुग्णांचे जगणे पाहिले आणि त्यावरून प्रश्न रचले. आपल्या रुग्णांचे जगणे पाहून प्रश्न रचणे हे काम आपले आहे. संधिवाताच्या बाबतीत ते काही प्रमाणात झालेही आहे. पुण्यातील ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस’ या संस्थेने भारतीय राहणीला अनुसरून या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती वापरात आणली. पण गुडघा हा शरीराचा एक सांधा आणि संधिवात हा एक आजार. पक्षाघात, कंबरदुखी, मेंदूला झालेली इजा, मुलांचा सेरेब्रल पाल्सी, वृद्धांचे वारंवार पडणे अशा कितीतरी बाबतींत असेच प्रश्न उत्तराची वाट पाहत उभे आहेत.

आरोग्य आणि पुनर्वसनशास्त्रातील पीएच.डी. ही अशा एखाद्या प्रश्नाला आयुष्यातील काही वर्षे देण्याची पदवी आहे. घरातील लेक किंवा सून ‘मला पीएच.डी. करायची आहे’ असे म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न उमटतो तो ‘आणखी किती शिकणार?’ हा. खरे पाहता विचारायला हवे ते वेगळेच: ‘तुझा प्रश्न कोणता?’

प्रश्न सापडतो कोठे?

भारतात हे शास्त्र तसे तरुण आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, प्रशिक्षण सुरू केले. पाठोपाठ तेथेच भौतिकोपचाराचेही शिक्षण सुरू झाले. परंतु या क्षेत्रातील मोलाचे शोध पुस्तकातून कमी आणि रुग्णाकडे पाहण्यातून अधिक लागले, याची साक्ष आपल्याच देशात मिळते.

शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने कुजून झडतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांनी रुग्णांचा दिनक्रम पाहिला. मज्जातंतू निकामी झाल्याने वेदना जाणवत नाही. चटका बसला, खिळा टोचला, तरी हात मागे येत नाही. जखमा साचत जातात आणि बोटे जातात ती त्यामुळे. एवढे उलगडताच उपचाराची दिशा पालटली. योग्य पादत्राणे आणि रोजची पाहणी यांनी पाय वाचू लागले. आज मधुमेह्यांना पायांची जी काळजी घ्यायला सांगतात, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

दुसरे उदाहरण जयपूरचे. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी घडवलेला होता. तो घालून ना अनवाणी शेतात जाता येई, ना उकिडवे बसता येई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद यांनी मिळून रबराचा ‘जयपूर फूट’ घडवला. रामचंद्रजींपाशी पदव्या नव्हत्या. त्यांच्यापाशी होते ते हातातील कसब आणि समोरच्या माणसाला कसे जगायचे आहे हे ओळखण्याची दृष्टी. पीएच.डी.चा विचार करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. दृष्टी पदवीने मिळत नाही. दृष्टीला जे दिसले ते खरे आहे की भासमान, हे पारखण्याची शिस्त मात्र या शिक्षणातून मिळू शकते.

पारख म्हणजे काय?

आजींचेच उदाहरण पुढे नेऊ. मांडी, उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे यांविषयी पाच नवे प्रश्न लिहिणे हे एका दुपारचे काम वाटेल. संशोधकाचे काम तेथून सुरू होते. आधी वेगवेगळ्या वयाच्या, गावांतल्या आणि शहरांतल्या रुग्णांशी बोलून प्रश्नांतील शब्द त्यांना कळतात का हे पाहावे लागते. ‘उकिडवे’ हा शब्द सर्वत्र एकाच अर्थाने समजतो असे गृहीत धरता येत नाही. परदेशी प्रश्नावली मराठीत आणायची तर दोघे स्वतंत्रपणे अनुवाद करतात, मूळ न पाहिलेली व्यक्ती तो अनुवाद पुन्हा मूळ भाषेत नेते आणि अर्थ कोठे निसटला ते पडताळले जाते. मग तीच प्रश्नावली त्याच रुग्णांना काही दिवसांनी देऊन उत्तरे स्थिर आहेत का हे पाहतात. खरोखर बरे वाटू लागलेल्या रुग्णाचे गुण खरोखर बदलतात का, हेही तपासतात. एवढे सगळे केल्यावर अखेरीस म्हणता येते, की हा मापदंड विश्वासार्ह आहे.

ही पारख झाल्याशिवाय कोणता व्यायाम सरस हे सांगणे म्हणजे तराजू तपासल्यावाचून धान्य मोजणे होय. म्हणूनच मूठभर रुग्ण घ्यायचे, चार आठवडे दोन व्यायामप्रकार द्यायचे आणि तुलनेचा तक्ता मांडायचा, एवढ्यावर डॉक्टरेटच्या प्रबंधाने थांबू नये. तशा अभ्यासाला पदव्युत्तर स्तरावर जागा आहे. पदोन्नतीसाठी पदवी हवी म्हणून उचललेला विषय बहुधा तेवढ्यावरच अडतो आणि अशा प्रबंधाचा उपयोग ना आजींना होतो, ना लिहिणाऱ्याला.

वाट किती लांबीची?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ची मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहे. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या अभ्यासकांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. प्रसूती व बालसंगोपनासाठी महिलांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागते. प्रत्येक विद्यापीठाची प्रवेशपद्धती वेगळी असते, म्हणून अर्जापूर्वी संबंधित विद्यापीठाचे चालू नियम वाचून घ्यावेत.

प्रवेशानंतर संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम, मग संशोधनाचा आराखडा आणि त्यानंतर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता असा क्रम असतो. रुग्णांवर उपचार करून पाहायचे असतील, तर पहिल्या रुग्णाचा समावेश होण्यापूर्वीच भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीपटावर अभ्यासाची नोंद करावी लागते. निष्कर्ष हाती आल्यावर गैरसोयीचा भाग झाकता येऊ नये, हा त्यामागील हेतू. यानंतर खरी कसोटी लागते. रुग्ण मिळतात, पण तिसऱ्या भेटीला येत नाहीत, कोणाला एस.टी.चे भाडे परवडत नाही, कोणाची कापणी सुरू असते. हे अडथळे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

परदेशाचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी एक भेद नीट ध्यानात ठेवावा. अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ ही व्यवसायात प्रवेश देणारी, साधारण तीन वर्षांची पदवी आहे. रुग्णसेवा हा तिचा गाभा. पुनर्वसनशास्त्रातील पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. पहिलीचे शुल्क बहुधा स्वतःच्या खिशातून भरावे लागते. दुसरीसाठी अनेक विद्यापीठे शुल्कमाफी आणि विद्यावेतन देतात. पण नुसत्या पीएच.डी.ने तेथे रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. कर्ज काढण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.

घराचा वाटा

मार्गदर्शकाची निवड हा या प्रवासातील सर्वांत मोठा निर्णय. मोठे नाव पाहण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: त्यांच्या हाताखालच्या किती जणांचे प्रबंध पूर्ण झाले, ते भेटीसाठी नियमित वेळ देतात का, आणि मतभेद मांडलेला त्यांना चालतो का. याची उत्तरे आधीच्या विद्यार्थ्यांकडून मिळतात.

दुसरा निर्णय घरात व्हायचा असतो. दिवसभर वॉर्ड, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुले झोपल्यावर संगणक, असा क्रम पाच-सहा वर्षे चालला तर मान आखडते, झोप उडते, चिडचिड वाढते. इतरांना बसण्या-उठण्याची रीत शिकवणारी माणसेही याला अपवाद नसतात. आठवड्यातील दोन संध्याकाळी आणि रविवारचा अर्धा दिवस हा ‘तिचा’ असे घराने आधीच ठरवावे. त्या वेळेत स्वयंपाकघर कोण पाहील, मुलांचा अभ्यास कोण घेईल, हे नावानिशी ठरावे. ‘आम्ही पाठीशी आहोत’ या वाक्याला अशा वाटणीवाचून वजन येत नाही. ‘झाली का पीएच.डी.?’ हा प्रश्न सणासमारंभात विचारू नये, ही विनंती नातेवाइकांनाही करून ठेवावी.

आणि आपण रुग्ण असलो तर?

आपल्यापैकी बहुतेकांचा पीएच.डी.शी संबंध येईल तो प्रश्नावलीच्या पलीकडच्या बाजूने. उपचारासाठी गेलो असता एखादी संशोधक ‘माझ्या अभ्यासात सहभागी व्हाल का?’ असे विचारील. तेव्हा घाईने नकार देऊ नये आणि भिडेपोटी होकारही देऊ नये. माहितीपत्रक आपल्या भाषेत मागावे. मला नेहमीपेक्षा वेगळे काय केले जाणार, त्यात धोका कोणता, किती खेपा घालाव्या लागतील, प्रवासखर्च मिळेल का, माझे नाव गुप्त राहील का, असे विचारावे. मधेच बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला असतो, आणि तो वापरला म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. संमतिपत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

सहभागी झालात तर आणखी एक करा. जे विचारले गेले नाही, तेही सांगा. ‘बाई, मला पायमोज्यांचे काही नाही, मला मांडी घालून बसायचे आहे,’ असे आजींनी म्हणावे आणि समोरच्या मुलीने लेखणी थांबवून ते ऐकून घ्यावे. तिच्या प्रश्नावलीत या उत्तरासाठी चौकट नसेल. तिने ते कागदाच्या कडेला लिहून घेतले आणि त्या ओळीमागे पुढची काही वर्षे जायची तिची तयारी असली, तर घरच्यांनी तिला ‘आणखी किती शिकणार?’ असे विचारू नये. रविवारचा अर्धा दिवस तिला मोकळा करून द्यावा.