बाबागाडी आणि मेकॅनिक्सचा विसरलेला धडा

"मेकॅनिकलला आहेस ना? मग एक बाबागाडी निवडून दे!"

मागच्या दिवाळीत ताईने हे फर्मान काढलं, तेव्हा मी फराळाच्या ताटावर होतो. ताईकडे दुसरं बाळ येणार होतं. पहिली चिऊ साडेतीन वर्षांची. म्हणजे आता दोन मुलं, एक गाडी की दोन, की जोडगाडी, हा प्रश्न. आई म्हणाली, "आम्ही तुम्हा दोघांना कडेवर वाढवलं, कुठे काय बिघडलं?" भाऊजी गप्प बसले. आणि मीही जरा गप्पच झालो, कारण चिऊची गाडी मीच निवडली होती आणि तिने काय केलं ते मला चांगलं आठवत होतं.

तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. दुकानात शिरलो आणि जी सगळ्यात भारी दिसली ती उचलली. मच्छरदाणी, बाटली ठेवायचा कप्पा, मऊ गादी, ऐटबाज छत... वजन किती, हे विचारलंच नाही. ताई पुण्यात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, पायऱ्या चाळीस. गाडी 10 किलोची निघाली.

चिऊ दहा महिन्यांची असताना एकदा आम्ही मंडईतून परत येत होतो. गाडी मी ढकलत होतो. कांदे, बटाटे, नारळ अशा दोन पिशव्या हँडलला अडकवल्या होत्या. चिऊला झोप लागली म्हणून ताईने सीटची पाठ आडवी केली. इमारतीपाशी आलो, किल्ली काढायला मी हँडल सोडलं आणि गाडी मागच्या मागे उलटली! पट्टा लावलेला होता म्हणून चिऊ गाडीतच राहिली. डोक्याला टेंगूळ आलं, तेवढंच. पण ताईचा तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

गाडी का उलटली?

त्या वेळी सगळ्यांनी रस्त्याला दोष दिला. या दिवाळीत मात्र मी ती जुनी गाडी माळ्यावरून काढली, पट्टी घेतली आणि हिशोब मांडला. मित्रांनो, पहिल्या सेमिस्टरचंच गणित आहे, मोमेंट्सचं!

गाडी मागे उलटते ती मागच्या आसाभोवती. गाडी 10 किलो, चिऊ तेव्हा 8 किलो, एकूण 18. चिऊ ताठ बसलेली असताना या 18 किलोंचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे साधारण 20 सेंमी येत होता. म्हणजे गाडीला जमिनीवर धरून ठेवणारा मोमेंट 360. हँडल आसाच्या मागे 25 सेंमी आणि पिशव्या 8 किलोंच्या, म्हणजे उलटवणारा मोमेंट 200. गाडी सुरक्षित. पण पाठ आडवी केल्यावर चिऊचं डोकं आणि खांदे मागे गेले, गुरुत्वमध्य 10 सेंमीवर आला आणि 360 चे झाले 180. समोर 200 उभेच! माझा हात हँडलवर होता तोवर गाडी उभी होती, इतकंच.

तेव्हा नियम पहिला : हँडलला पिशवी अडकवायची नाही. सामान खालच्या जाळीत ठेवा, दोन चाकांच्या मध्ये, जमिनीजवळ. बाळाला बाहेर काढताना तर जास्तच सांभाळा, कारण बाळाचं वजन जातं आणि पिशवीचं राहतं.

चाकांचं गणित

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. आपले फूटपाथ म्हणजे फरशी नव्हे! समजा अडीच सेंमीचा उंबरा आहे. 15 सेंमी व्यासाचं चाक त्यावर सरळ ढकलून चढवायचं तर त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या 1.1 पट जोर लागतो. व्यास 30 सेंमी असेल तर 0.66 पट पुरतो. म्हणून खडबडीत रस्त्याला मोठी चाकं बरी. पण मोठी चाकं म्हणजे मोठी घडी आणि जास्त वजन. एक मिळवलं की दुसरं जातं, हे आपल्याला डिझाइनच्या प्रत्येक पेपरात लिहावं लागतंच.

विमानाचा इंजिनिअर आणि छत्री

वजनाचा विचार आधी एका विमानवाल्याने केला. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश वैमानिक अभियंता, स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. आजोबा झाल्यावर नातवंडाची अवजड गाडी त्यांना खटकली. 1965 मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. वजन जेमतेम 3 किलो! विमानाची चाकं मिटून पोटात जातात, तीच बुद्धी इथे कामाला आली. आज बाजारात छत्रीसारख्या मिटणाऱ्या ज्या गाड्या दिसतात, त्या याच कल्पनेतून आल्या.

पण छत्रीवाल्या बऱ्याच गाड्यांची पाठ पूर्ण आडवी होत नाही. नवजात बाळाला मान धरता येत नाही, त्याला सपाट झोपवायला हवं. बाळ आपलं आपण बसू लागलं, म्हणजे साधारण सहा महिन्यांनी, की मग बसायची सीट चालते. ताईला तर गाडी पहिल्या दिवसापासून हवी होती.

जोडगाडी घ्यायची का?

जुळी असतील किंवा दोन मुलांत वर्ष-दीड वर्षाचंच अंतर असेल तर जरूर विचार करा. पण शेजारी-शेजारी सीट असलेली जोडगाडी साधारण 75 सेंमी रुंद असते. आधी घराचं दार मोजा! आणि वजन एका गाडीपेक्षा बरंच जास्त. चाळीस पायऱ्यांवर ती कोण नेणार? चिऊ तर आता स्वतः पळते. दमली की तिला गाडीत बसवायचं आणि बाळाला कापडी झोळीत छातीशी बांधायचं, असं आम्ही ठरवलं. जोडगाडीचा विषय संपला.

दुकानात काय करायचं?

या वेळी मी पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन दुकानात गेलो. दुकानदार बघतच राहिला. पिशव्या सीटवर ठेवल्या, पट्टा बांधला आणि एकेक गोष्ट तपासली.

ब्रेक : एका पायाने लागतो का, दोन्ही मागची चाकं धरतो का? उतारावर लावून पाहा.

पट्टा : खांदे, कंबर आणि पायांच्या मध्ये, असा पाच ठिकाणी धरणारा हवा. आणि तो रोज लावायचा, "पाच मिनिटांचंच काम" असलं तरी.

घडीचं कुलूप : उघडल्यावर खटकन बसतं का? हलवून पाहा, आपोआप सुटायला नको. सांध्यात लहान बोट अडकेल अशी फट नको. घडी करताना मूल दूर ठेवा.

घडी : एका हाताने होते का? कारण दुसऱ्या हातात बाळ असणार.

वजन : घडी करून प्रत्यक्ष उचला आणि दुकानाचाच जिना चढा.

जुनी गाडी मिळत असेल तरी हरकत नाही, पण ब्रेक, कुलूप आणि पट्टा तिन्ही ठणठणीत हवेत. आणखी एक. उन्हात गाडीवर जाड चादर टाकू नका. आत हवा खेळत नाही आणि बाळ तापतं. छत असतंच, आणि सावलीतून जायचं.

शेवटी साडेसहा किलोची, पाठ सपाट होणारी, मध्यम चाकांची साधी गाडी घेतली. बाटलीचा कप्पा नाही, ऐट नाही. भाऊजी ती एका हाताने दोन जिने चढवतात. आईसुद्धा एकदा ढकलून बघते म्हणाली आणि कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन आली.

गेल्या महिन्यात बारसं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मंडईत गेलो. बाळ गाडीत, चिऊ हँडलला एका बाजूने धरून "मी ढकलणार" म्हणत. नारळ, कांदे, बटाट्यांची पिशवी ताईने सवयीने हँडलकडे नेली, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने माझ्या खांद्यावर दिली. आठ किलो! घरापर्यंत वाहिली, कुरकुर न करता.