भाजलेले बीट : घरगुती कृती व तिचे मर्म

रब्बीच्या हंगामात बीटाचा वाफा काढला म्हणजे कंदांची निवड होते. सारख्या आकाराचे व गुळगुळीत कंद बाजारात जातात. फाटे फुटलेले, फार लहान अथवा वेडेवाकडे कंद घरी उरतात आणि बहुधा गुरांपुढे पडतात. ते घरात का खपत नाहीत असे विचारल्यास पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळते, की बीटाला मातीचा वास येतो व शिजविल्यावर ते पाणचट लागते. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यातील मोठा दोष कंदाचा नसून शिजविण्याच्या रीतीचा आहे, हे दाखवून त्यावरील सोपा उपाय सांगण्याचा येथे विचार आहे.

उकडण्यात काय जाते ? – बीटाच्या शंभर भागांत सुमारे ८७ भाग पाणी व ६ ते ७ भाग साखर असते. ही साखर उसातील साखरेहून निराळी नव्हे. बीटांत उसासारखीच साखर आहे हे बर्लिन येथील रसायनशास्त्रज्ञ मारग्राफ याने १७४७ साली दाखविले, व त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ साली सायलेशिया प्रांतात बीटाच्या साखरेचा पहिला कारखाना काढला. पुढे त्याच कुळातून शर्कराबीट ही अधिक गोड जात तयार झाली. आजच्या कारखान्यात त्या बीटाचे बारीक काप करून सुमारे ७० अंश सेंटिग्रेडच्या गरम पाण्यातून नेतात, म्हणजे साखर पाण्यात उतरते. आपल्या घरी बीट सोलून, फोडी करून, भरपूर पाण्यात उकडतात व ते लाल पाणी मोरीत ओततात, तेव्हा नकळत हीच क्रिया घडते. भेद इतकाच की, कारखानदार पाणी ठेवून चोथा गुरांस घालतो, आणि आपण पाणी टाकून चोथा ताटात वाढतो ! बीटाचा तांबडा रंगही पाण्यात विरघळणारा असल्यामुळे तोही साखरेच्या वाटेने जातो.

भाजण्याचा लाभ – अखंड कंद सालीसकट भाजला असता तो आपल्याच रसात शिजतो. बाहेरचे पाणी आत येत नाही व आतली साखर बाहेर जात नाही. उलट कंदातील काही पाणी वाफ होऊन गेल्याने गोडी दाट होते. मातीच्या वासाचे कारण जिओस्मिन नावाचे द्रव्य होय. पहिल्या पावसानंतर जमिनीस जो सुगंध येतो त्यातही हेच द्रव्य असते. ते कंदाच्या सालीत अधिक असते, म्हणून साल काढताच वास बराच कमी होतो. राहिलेला वास लिंबाच्या रसाने मोडतो, कारण आंबट पदार्थाच्या योगाने हे द्रव्य टिकत नाही.

कंदांची निवड – लिंबापेक्षा थोडे मोठे, म्हणजे ५-६ सेंटिमीटर जाडीचे कंद भाजण्यास उत्तम. जून झालेल्या थोर कंदात रेषा धरतात. सारखे कंद हवे असल्यास त्याची तयारी वाफ्यातच झाली पाहिजे. बीटाचे एक बी म्हणून आपण जे टोकतो, ते बहुतेक जातींत अनेक बियांचा गुच्छ असते. त्यामुळे एका जागी दोन-तीन रोपे उगवतात. त्यांची विरळणी वेळेवर न केल्यास एकही कंद नीट भरत नाही. भाजावयाच्या कंदाची पाने बोटभर देठ ठेवून काढावीत व खालचे शेपूट तसेच ठेवावे. पाला टाकू नये. त्याची पालकाप्रमाणे भाजी होते. कंद हाताने चोळून धुवावा; चाकू मुळीच लावू नये. जेथे साल फाटते तेथून रस गळतो.

कृती – आगीतून फुफाट्यात पडणे ही आपल्याकडे आपत्ती मानली आहे. बीटाला मात्र फुफाटाच मानवतो. रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर चुलीतील मोठे निखारे बाजूस सारावेत, कोरडे केलेले कंद गरम राखेत पुरावेत, व वर पुन्हा राख आणि थोडे निखारे पसरावेत. मध्यम कंदास सुमारे एक तास लागतो, मोठ्यास दीड तास. मध्ये एकदा कंद फिरवावेत. बारीक सळई मध्यापर्यंत अडखळल्यावाचून गेली म्हणजे कंद झाला असे समजावे. राख क्षारयुक्त असते व क्षाराने बीटाचा रंग पिवळट पडतो; म्हणून कापलेला कंद राखेत कधीही पुरू नये. तसेच रंग दिलेली लाकडे किंवा प्लास्टिक ज्या चुलीत जळले असेल, तिची राख या कामी वापरू नये.

ज्यांच्या घरी विजेची भट्टी आहे त्यांनी कंद झाकणाच्या भांड्यात घालून २०० अंश सेंटिग्रेडवर पाऊण ते एक तास ठेवावेत. गॅसच्या शेगडीवर जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, मंद आचेवर वरचेवर फिरवीत भाजले तरी चालते. वेळ मात्र अधिक लागतो.

भाजलेला कंद कोमट झाला की राख झाडून पुसून घ्यावा व अंगठ्याने साल सारावी. ती सहज निघते. नंतर फोडी करून लिंबू, मीठ व दाण्याचे कूट घालावे आणि वर हिंग-मोहरी व हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी. दह्यात कालवूनही उत्तम कोशिंबीर होते. साखर घालण्याची गरज पडत नाही.

खबरदारी – बीट खाल्ल्यावर काही लोकांच्या लघवीस तांबूस रंग येतो. तो बीटाचाच रंग असल्यास घाबरण्याचे कारण नाही. परंतु बीट बंद करूनही दोन दिवसांनंतर तो दिसत राहिला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. ज्यांस मूतखड्याचा विकार आहे त्यांनी बीट व त्याचा पाला बेताने खावा, कारण दोहोंतही ऑक्झलेट बरेच असते. सोललेले बीट उघड्यावर फार वेळ न ठेवता त्याच दिवशी संपवावे.

या कृतीस वेगळे सरपण लागत नाही, पाणी लागत नाही व भांडेही लागत नाही. विझत्या चुलीची जी ऊब रात्री वाया जाते तिच्यावरच काम भागते. बाजाराने नाकारलेला कंद चवीत कमी नसतो, त्याचे रूपच तेवढे कमी असते. तेव्हा येत्या हंगामात गुरांपुढे टोपली रिती करण्यापूर्वी त्यातील चार कंद फुफाट्यात पुरून पाहावेत, आणि घरातील लहान मुले ते पुन्हा मागतात की नाही यावरूनच या रीतीचा निर्णय करावा.