त्रेझेगे, दाव्हीद
(१५ ऑक्टोबर १९७७ – ). फ्रेंच व्यावसायिक फुटबॉलपटू. आघाडीचा खेळाडू म्हणून त्याची विशेष ख्याती असून त्याच्या व्यावसायिक कारकीर्दीचा शेवटचा हंगाम पुणे येथे पार पडला. त्याचा जन्म फ्रान्समधील रूआं येथे अर्जेंटिनी कुटुंबात झाला. वडील होर्हे हेही व्यावसायिक फुटबॉलपटू होते व त्या वेळी ते रूआंच्या संघाकडून खेळत. दाव्हीदचे बालपण मात्र ब्वेनस एअरीझमध्ये गेले आणि तेथील प्लातेन्से या क्लबातर्फे त्याने पहिले सामने खेळले.

१९९५ मध्ये तो मोनाको क्लबात दाखल झाला. या क्लबाने १९९७ व २००० मध्ये फ्रान्सचे साखळी विजेतेपद मिळविले. मार्च १९९८ मध्ये चॅंपियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर त्याने दुरून वेगवान फटका मारून केलेला गोल निर्णायक ठरला. सामना १–१ असा बरोबरीत सुटला, पहिला सामना गोलशून्य झाला होता. त्यामुळे परक्या मैदानावरील गोलाच्या नियमानुसार मोनाकोची सरशी झाली. त्याच वर्षी विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघात, विसाव्या वर्षीच, त्याचा समावेश होता.

२ जुलै २००० रोजी रॉटरडॅम येथे झालेल्या यूरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातील गोलाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. इटलीविरुद्ध पराभव समोर दिसत असता फ्रान्सने अगदी अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि जादा वेळेत, १०३ व्या मिनिटाला, त्रेझेगेने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला. त्या काळी ‘सुवर्ण गोल’ हा नियम प्रचलित होता. जादा वेळेत पहिला गोल होताच सामना तत्क्षणी संपे. पुढे हा नियम रद्द झाला, त्यामुळे असा गोल करण्याची संधी आता कोणालाच नाही.

त्याच वर्षी तो इटलीतील युव्हेंटस क्लबात गेला व दहा वर्षे तेथे राहिला. या काळात त्याने ३२० सामन्यांत १७१ गोल केले. २००१-०२ च्या हंगामात २४ गोलांसह तो इटालियन साखळी स्पर्धेतील संयुक्त अग्रेसर होता. चेंडू घेऊन दूरवर धावणे वा प्रतिस्पर्ध्यांना चकविणे ही त्याची खासियत नव्हे. सामन्यातील बराच काळ तो जवळजवळ अदृश्य असे. पण बाजूने आलेला चेंडू गोलक्षेत्रात कोठे पडेल याचा अंदाज बचावपटूंच्या आधी त्याला येई, आणि एकाच स्पर्शात किंवा डोक्याने तो चेंडू मार्गी लावी. अशा खेळाडूला साहजिकच जोडीदारांच्या अचूक पासांची नितांत गरज असते.

अपयशही त्याच्या वाट्याला आले. २००३ च्या चॅंपियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आणि ९ जुलै २००६ रोजी बर्लिन येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी किकांच्या फेरीत त्याची किक वाया गेली. बर्लिनमध्ये चेंडू आडव्या खांबावर आपटला आणि इटली विजयी झाली. त्याच वर्षी सामने-निश्चितीच्या प्रकरणात युव्हेंटसची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली. अनेक नामवंत खेळाडू सोडून गेले. त्रेझेगे मात्र दुसऱ्या श्रेणीत खेळला व तेथे १५ गोल केले. राष्ट्रीय संघातर्फे ७१ सामन्यांत त्याचे ३४ गोल आहेत.

२०१० नंतर तो स्पेनमधील एर्कुलेस व अबू धाबीतील बनियास या क्लबांतर्फे खेळला. नंतर तो दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या ब्वेनस एअरीझच्या रिव्हर प्लेट क्लबात गेला. जून २०१२ मध्ये या क्लबाला पुन्हा पहिल्या श्रेणीत नेणाऱ्या सामन्यातील दोन्ही गोल त्याचे होते. २०१३-१४ मध्ये तो न्यूवेल्स ओल्ड बॉइजकडून खेळला.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगच्या प्रत्येक संघात एक ख्यातनाम परदेशी खेळाडू असे. एफसी पुणे सिटीने त्रेझेगेला करारबद्ध केले. ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच मुदत असलेली ही स्पर्धा उतारवयातील खेळाडूंना सोयीची होती. युव्हेंटसमधील त्याचा जुना सहकारी देल प्येरो दिल्लीच्या संघात होता. पुण्याचा पहिला सामना १४ ऑक्टोबरला दिल्लीशी झाला व गोलशून्य सुटला. दुसऱ्या दिवशी त्रेझेगेला ३७ वर्षे पूर्ण झाली. पुढच्याच सामन्यात मुंबईने पुण्याचा ५–० असा धुव्वा उडविला. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत गोव्याविरुद्ध २–० असा विजय मिळाला, त्यांत ग्रीसचा कात्सुरानिस व त्रेझेगे यांचा प्रत्येकी एक गोल होता. एकूण नऊ सामन्यांत त्याचे दोनच गोल झाले. तयारीला पुरेसा अवधी न मिळालेल्या, नव्यानेच जमविलेल्या संघात त्याला हवे तसे पास मिळणे अवघडच होते. पुणे आठ संघांत सहावे आले. जानेवारी २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि पुढे युव्हेंटस क्लबाचा प्रतिनिधी म्हणून काम केले.

पुणेकरांना व्यावसायिक फुटबॉल त्यापूर्वीच परिचित होता. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला होता; २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ बंद पडला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, परंतु आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये तोही विसर्जित झाला व लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाला मिळाली.