स्पोर्ट्स कारला ऑइल कूलर : कधी लागतो, कोणता घ्यायचा आणि बसवताना नेमकं काय चुकतं?

भर उन्हात बाईकच्या हँडलला फोन लावून मॅप्स चालू ठेवलाय कधी? अर्ध्या तासात स्क्रीन आपोआप अंधुक होते, चार्जिंग थांबतं आणि सगळं अडखळत चालायला लागतं. फोन बिघडलेला नसतो. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करत असतो, ज्याला आपण थर्मल थ्रॉटलिंग म्हणतो.

आता हाच प्रकार ३३२ हॉर्सपॉवरच्या गाडीत झाला तर?

निस्सानची ३७०झेड ही त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आहे. ३.७ लिटरचं व्ही६ इंजिन, ७५०० आरपीएमपर्यंत फिरणारं. २००९ च्या सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये इंजिन ऑइलसाठी वेगळा कूलर नव्हता. रोजच्या रस्त्यावर त्याने काही अडत नाही. पण रेस ट्रॅकवर उन्हाळ्यात सलग काही लॅप मारले आणि ऑइलचं तापमान साधारण २८० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे १३८ सेल्सियसच्या आसपास गेलं, की गाडीचा कॉम्प्युटर आरपीएमवर मर्यादा आणतो. यालाच लिंप मोड म्हणतात. इंजिन वाचतं, पण तुमचा ट्रॅकचा दिवस संपतो. पुढे कंपनीने काही मॉडेल्समध्ये स्वतःच ऑइल कूलर द्यायला सुरुवात केली. तोपर्यंत बाजारात या गाडीसाठी आफ्टरमार्केट कूलर किट्सची रांग लागली होती.

मी कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझ्या मित्राकडे अशीच एक जुनी झेड आहे (अमेरिकेत तिला 'झी' म्हणतात, त्यावरून आमचे वाद होतात). मागच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून त्यात ऑइल कूलर बसवला. त्यात एक चूक केली आणि ती थोडक्यात निभावली. ती पुढे सांगतो, कारण ती वाचून तुमचं इंजिन वाचू शकतं.

पाणी थंड असताना ऑइल का तापतं?

बहुतेकांना वाटतं की रेडिएटर आहे म्हणजे इंजिन थंड राहणारच. पण रेडिएटर थंड करतो ते कूलंट, म्हणजे सिलिंडरभोवती फिरणारं पाणी. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये आणि पिस्टनच्या खालच्या बाजूला कूलंट पोहोचत नाही. तिथली उष्णता ऑइलच उचलतं. ते ऑइल परत खाली संपमध्ये येतं आणि संपच्या तळाला जी काही हवा लागेल तेवढ्यावरच थंड होतं. म्हणून ट्रॅकवर असं होतं की कूलंटचा काटा मध्यावर शांत उभा असतो आणि ऑइलचा काटा चढतच जातो.

तापल्यावर बिघडतं काय? ऑइल पातळ होतं. ३० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी १०० अंश सेल्सियसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या मध्ये असावी लागते, हा एसएई चा नियम आहे. तेच ऑइल १३८ अंशांवर नेलं तर व्हिस्कॉसिटी जवळपास निम्मी होते. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, तोच आता आणखी पातळ झालेला असतो. वर ७००० आरपीएमचा भार. शिवाय जास्त तापमानाला ऑइलचं ऑक्सिडेशनही भराभर होतं, म्हणजे ऑइल लवकर 'संपतं'.

साधारण ९० ते ११० सेल्सियस ही ऑइलची आरामाची जागा. चांगलं सिंथेटिक ऑइल १२० सुद्धा सहन करतं. त्यापुढे सतत राहायला लागलं तर कूलरचा विचार करावा.

आणि याची दुसरी बाजू कोणी फारसं सांगत नाही. ऑइल जास्त थंड राहिलं तरी वाईटच! इंजिनमध्ये जमणारी पाण्याची वाफ आणि थोडंफार पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं, ते ऑइल नीट तापल्यावरच उडून जातं. रोज दहा मिनिटांचा प्रवास आणि त्यात भलामोठा कूलर, म्हणजे ऑइल कधीच पुरतं तापणार नाही. त्यामुळे गाडी फक्त ऑफिसला नेत असाल तर कूलर घेऊ नका. तेवढ्या पैशात चांगलं ऑइल आणि टायर येतील.

आधी मोजा, मग खरेदी करा

३७०झेडच्या डॅशबोर्डवर ऑइल टेंपरेचरचा वेगळा काटा आहे, ही चांगली सोय. ज्या गाड्यांमध्ये तो नाही, त्यात ओबीडी डोंगल लावून फोनवर आकडा दिसतो का बघा. काही गाड्या हा आकडा देतात, काही देत नाहीत. नाही दिला तर सेन्सर आणि वेगळा गेज लावावा लागतो.

थंडरहिल नावाचा ट्रॅक आहे, विलोज गावाजवळ. उन्हाळ्यात तिथे हवा सहज ३८-४० अंशांवर जाते, म्हणजे आपल्या जळगाव-अकोल्याचीच आठवण. मित्राच्या गाडीचा काटा तिथे चौथ्या लॅपला २६० फॅरनहाइटवर (१२७ सेल्सियस) आला आणि त्याने शहाण्यासारखा वेग कमी करून गाडी पिटमध्ये घेतली. हा आकडा हातात होता म्हणून किती मोठा कूलर हवा हे ठरवता आलं. नाहीतर आपण काय करतो, सगळ्यात मोठा उचलतो!

कोणता कूलर?

ऑइल कूलर दोन प्रकारचे. एकात ऑइल आणि कूलंट शेजारी-शेजारी वाहतात. अनेक कंपन्या गाडीत आधीच असा देतात, कारण तो थंडीत ऑइल लवकर तापवतो आणि गरमीत थोडं थंड करतो. दुसरा सरळ हवेने थंड होणारा, म्हणजे छोटा रेडिएटरच. आफ्टरमार्केटमध्ये बहुधा हा दुसराच असतो. त्यातही नळी-आणि-पंखवाला स्वस्त, आणि एकावर एक पट्ट्या रचलेला 'स्टॅक्ड प्लेट' महाग पण जास्त कामाचा. स्वीडनची सेट्रॅब, ब्रिटनची मोकल ही यातली जुनी नावं.

साइज 'रो' मध्ये सांगतात, म्हणजे पट्ट्यांचे थर किती. झेडसाठी १९, २५ आणि ३४ रो असे पर्याय सर्रास मिळतात. कूलर बसतो बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधी कूलरमधून गरम होऊन जाते. ३४ रो लावून ऑइल थंड केलं आणि कूलंट तापवलं, तर मिळवलं काय? वर्षातून चार-पाच ट्रॅक दिवस आणि बाकी ऑफिस, हा हिशोब धरून आम्ही २५ रो घेतला.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको, ती म्हणजे थर्मोस्टॅट. ऑइल फिल्टर आणि इंजिन ब्लॉकच्या मध्ये एक 'सँडविच प्लेट' बसते, तिथून ऑइल कूलरकडे वळवलं जातं. थर्मोस्टॅटवाल्या प्लेटमध्ये ऑइल साधारण ८० सेल्सियसला पोहोचेपर्यंत मुख्य वाट बंद राहते. थोडंसं ऑइल तरीही कूलरमधून फिरत असतं, ते मुद्दामच ठेवलेलं असतं, म्हणजे झडप उघडल्यावर थंडगार ऑइलचा लोंढा एकदम इंजिनमध्ये येत नाही. प्लेट घेताना फिल्टरच्या आट्यांचं माप जुळवा. झेडचं एम २० × १.५ आहे. दुसऱ्या गाडीचं वेगळं असेल, त्यामुळे 'युनिव्हर्सल' लिहिलंय म्हणून घेऊ नका.

पाइप बहुतेक किट्समध्ये एएन-१० मापाचे असतात. यातला आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. १० म्हणजे १०/१६ इंच, जवळपास १६ मिलिमीटर. यापेक्षा बारीक पाइप घेतला तर ऑइल प्रेशर उगाच पडतं. एएन फिटिंगमध्ये ३७ अंशांच्या दोन तिरक्या धातूच्या कडा एकमेकांवर दाबून सील होतं, तिथे टेफ्लॉन टेप लावायची नसते. टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकला तर महागात पडतं.

आणि सेकंडहँड कूलर कितीही स्वस्त मिळाला तरी नको! तो ज्या गाडीतून निघाला तिचं बेअरिंग गेलेलं असेल, तर त्या पट्ट्यांमध्ये धातूचा बारीक कीस अडकलेला असतो. कितीही धुतला तरी तो पूर्ण निघत नाही. मग तो तुमच्या इंजिनमध्ये येतो.

बसवताना

काम अवघड नाही, किचकट आहे. बंपर काढा, ब्रॅकेट लावा, कूलर रबरी बुशवर बसवा म्हणजे कंपनाने तडा जाणार नाही. कूलरची तोंडं वर किंवा बाजूला ठेवा. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकते. पाइपावर स्टीलची जाळी असेल तर तिला रबरी कव्हर घाला, कारण ती जाळी जिथे घासेल तिथे करवतीसारखी कापत जाते, मग ती वायर असो की रेडिएटर. फिटिंग अ‍ॅल्युमिनियमची असतात, साध्या पान्याने चेपतात, म्हणून त्यांचा पाना वेगळा घ्यावा. हवा कूलरच्या बाजूने निसटू नये म्हणून कडेला पत्रा किंवा फोम लावून वाट बंद करणं हेही तितकंच महत्त्वाचं, आणि बरेच जण नेमकं हेच सोडून देतात.

आता आमची चूक. जुना फिल्टर काढला, ऑइल पुसलं, सँडविच प्लेट ब्लॉकवर चढवली, टॉर्क रेंचने घट्ट केली. सगळं सुरेख! शेवटी किटच्या सूचनांमध्ये होतं की फ्युएल पंपचा फ्यूज काढून फक्त स्टार्टर फिरवा, म्हणजे इंजिन सुरू न होता पाइप आणि कूलर ऑइलने भरतील. मित्र म्हणाला, "अरे, डायरेक्ट सुरू करू ना, काय होतंय?" रात्रीचे साडेदहा वाजले होते, मलाही तेच वाटत होतं. पण फ्यूज काढला. मित्राने स्टार्टर दहा सेकंद फिरवला आणि मी टॉर्च घेऊन खाली बघितलं, तर प्लेटच्या कडेने ऑइलची धार लागलेली.

जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली होती. काळ्या ऑइलात काळं रबर, दिसलंच नाही. त्यावर आम्ही नवीन ओ-रिंगवाली प्लेट चढवली. दोन रबर एकावर एक बसत नाहीत, प्रेशर आलं की सरकतात. इंजिन सुरू केलं असतं तर थंड, घट्ट ऑइल पूर्ण प्रेशरने बाहेर आलं असतं. सगळं मिळून इंजिनमध्ये पाचेक लिटर ऑइल. ते रिकामं व्हायला फार वेळ लागत नाही.

तर जुना फिल्टर काढला की त्याची रिंग त्याच्यासोबत आली का, हे हातात धरून बघा. नसेल आली तर ब्लॉकवर बोट फिरवा. पुढे कधीही साधा फिल्टर बदललात तरी हेच.

दुसऱ्या दिवशी रिंग काढून, पुसून पुन्हा बसवलं. फ्यूज काढून स्टार्टर फिरवला, कोरडं. मग इंजिन सुरू केलं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवलं, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघितली. कूलर आणि पाइपांमुळे नेहमीपेक्षा पाऊण लिटर ऑइल जास्त लागलं. पहिल्या ट्रॅक दिवसानंतर सगळ्या जोडांवर पांढरं फडकं फिरवलं, ते पांढरंच राहिलं.

फरक पडला का?

पुन्हा थंडरहिल, पुन्हा कडक ऊन. वीस मिनिटांच्या पूर्ण सेशनमध्ये काटा २२० ते २३० फॅरनहाइटमध्ये, म्हणजे ११० सेल्सियसच्या आत स्थिरावला. लॅप टाइम सुधारला नाही बरं का! कूलर पॉवर वाढवत नाही. आधी चार लॅप मिळायचे, आता पूर्ण सेशन मिळतं, एवढंच.

भारतातल्या वाचकांपैकी झेड कोणाकडे असेल असं नाही, पण ऑइल कूलर तुम्ही नक्की पाहिलाय. चाकणला बनलेली पल्सर २२० किंवा रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० समोरून बघा. इंजिनच्या पुढे जो छोटा रेडिएटरसारखा भाग दिसतो, तो हाच. फरक इतकाच की तिथे तो कंपनीने बसवलाय, त्यामुळे तुमचं काम फक्त त्यातला चिखल आणि किडे साफ ठेवायचं. पाण्याचा हलका फवारा पुरतो. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेऊ नका, त्या बारीक पट्ट्या वाकतात आणि मग हवाच जात नाही.