अजिंठ्याचे दहावे लेणे : सापडलेली आणि पुन्हा हरवलेली चित्रे

थोर चित्रकाराचे हरवलेले धार्मिक चित्र अकस्मात सापडल्याचे वृत्त मधूनमधून कानी येते. कॅराव्हाजो ह्या इटालियन चित्रकाराने १६०२ साली रंगविलेले ख्रिस्ताच्या अटकेचे चित्र १९९० मध्ये डब्लिन शहरी जेझुइट पाद्र्यांच्या भोजनगृहात असेच ओळखले गेले. तेथे ते कित्येक वर्षे सर्वांच्या दृष्टीसमोर टांगलेले होते; परंतु मळाने काळवंडले होते व दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर मोडत होते. ह्याहून फार प्राचीन असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, त्याचा वृत्तांत विद्यार्थी वाचकांस सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

घारापुरीची शिल्पे आम्हा नवी मुंबईकरांस खाडीपलीकडेच आहेत. तथापि प्राचीन भित्तिचित्रे पाहावयाची तर अजिंठ्यासच गेले पाहिजे. वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेसारख्या कड्यात, ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. रानातील रहिवाशांस ती ठाऊक असली तरी बाहेरच्या जगास त्यांचा विसर पडला होता. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नामक इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील स्तंभावरच्या चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेविली. चित्रे जगास पुन्हा सापडली त्याच दिवशी त्यांस पहिली इजाही झाली!

ही चित्रे नाजूक का, हे समजून घेतले पाहिजे. खडकावर माती, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू ह्यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत. तो सुकल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी इत्यादी रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावीत. ओल्या चुन्यात रंग मुरवून पक्के करण्याची ही रीत नव्हे. म्हणून दमट हवा, कीटक आणि वटवाघळांची घाण ह्यांनी गिलावा सुटतो व रंग त्याबरोबर गळून पडतो.

१८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी अनेक वर्षे तेथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्म झाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्याने नकला केल्या. त्यांतीलही बऱ्याचशा १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रेच जपणे, एवढाच मार्ग उरला. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा मोठ्या कौशल्याने भिंतीस धरून ठेविला, परंतु रंग टिकावेत म्हणून लाखेचे रोगणही वापरले. काळांतराने ते रोगण काळवंडले, त्यावर धूळ बसली आणि खालची चित्रे दिसेनाशी झाली. हेतू शुद्ध होता, उपायाने मात्र अपाय केला.

१९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मॅनेजर सिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी नवव्या व दहाव्या लेण्यांतील हा काळा थर सावकाश उतरविला. त्याखालून इसवी सनापूर्वीच्या काळातील चित्रे उजेडात आली. भारतातील उपलब्ध बौद्ध चित्रांत ती सर्वांत जुनी गणली जातात. दहाव्या लेण्यातील षड्दंत जातकाची कथा अशी : सहा सुळे असलेला गजराज, राणीच्या हट्टापायी आपले सुळे नेण्यास आलेल्या पारध्यावर सूड उगवीत नाही, उलट त्यास साहाय्य करितो, आणि ते सुळे पाहताच राणीचे हृदय विदीर्ण होते. ही कथा रंगविणाऱ्याचे नाव कोणासही ठाऊक नाही. डब्लिनच्या चित्रास त्याच्या कर्त्याचे नाव परत मिळाले. येथे कर्त्याने ते मागेच ठेविले नाही.

ज्यांनी दोन सहस्र वर्षे टिकणारे काम केले त्यांनी भिंतीवर आपले नाव लिहिले नाही, आणि जो घटकाभर पाहण्यास आला त्याने ते लिहिले, हा विरोध आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. सहलीस गेल्यावर चित्रास हात लावू नये, प्रखर प्रकाशाचा झोत टाकून छायाचित्र घेऊ नये आणि खिळ्याने वा खडूने कोठेही नाव लिहू नये. रोगण उतरविता येते. कोरलेले अक्षर उतरविता येत नाही.